फ्लीटच्या गाड्या, ट्रॅकिंग आणि ड्रायव्हरची सेफ्टी: पुण्यातून सतत येणारे प्रश्न

चाकण, तळेगाव, रांजणगाव, हिंजवडी, वाघोली इकडून गाडीमालक, ट्रान्सपोर्ट ऑफिसातले सुपरवायझर आणि बऱ्याचदा ड्रायव्हर स्वतः जे प्रश्न परत परत पाठवतात ते इथे एकत्र केलेत. प्रत्येक उत्तर वेगळं वाचलं तरी चालेल, एखाद्या गोष्टीबद्दल दुसरीकडे जास्त लिहिलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. जीपीएस लावला की ॲक्सिडेंट खरंच कमी होतात का, की नुसता खर्च?

नुसता डबा लावून काहीही कमी होत नाही. ट्रॅकर एवढंच सांगतो की गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, कधी थांबली. ते बघून दुसऱ्या दिवशी कोणी ड्रायव्हरशी बसून बोललं, गाडी सुटायची वेळ बदलली, रूट बदलला तर फरक पडतो. बऱ्याच ऑफिसात भिंतीवर मोठी स्क्रीन असते आणि पार्टीचा (माल ज्याचा आहे त्याचा) "गाडी कुठे पोचली?" म्हणून फोन आला की तेवढ्यापुरतं तिच्याकडे बघितलं जातं, सेफ्टीसाठी ती कोणी उघडतच नाही.

तरीही लावा असंच सांगेन. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली आणि सरकारी नोंदीप्रमाणे त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू ओव्हरस्पीडिंगच्या खात्यात आहेत. आणि वेग ही तर ट्रॅकरला सगळ्यात सोपी मोजता येणारी गोष्ट आहे. फक्त एक लक्षात ठेवा, गाडीचा डेटा जेवढं ड्रायव्हरबद्दल सांगतो तेवढंच ऑफिसच्या प्लॅनिंगबद्दल पण सांगतो, आणि खालची अर्धी उत्तरं त्याच्यावरच आहेत.

२. साधा ट्रॅकर, एआयएस-१४०, टेलिमॅटिक्स, डॅशकॅम, डीएमएस, एडास... यात फरक काय? सेल्सवाला सगळं एकच असल्यासारखं सांगतो.

साधा ट्रॅकर म्हणजे लोकेशन, वेग आणि इग्निशन चालू की बंद. एआयएस-१४० हे सरकारी स्टँडर्ड आहे, आपल्या पुण्यातल्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेने प्रसिद्ध केलेलं, त्यात इमर्जन्सी बटन, आतच बसवलेलं सिम, स्वतःची बॅटरी आणि नेटवर्क गेलं तर नोंदी साठवून नंतर पाठवायची सोय असते, शिवाय आपल्या नाविक सॅटेलाइटचा सपोर्ट. टेलिमॅटिक्स म्हणतात तेव्हा डबा गाडीच्या कॅन लाइनला (इंजिनची माहिती वाहणाऱ्या वायरला) जोडलेला असतो त्यामुळे आरपीएम म्हणजे इंजिनचे मिनिटाला फेरे, ब्रेक, क्लच, डिझेल असं इंजिनकडचं कळतं. डॅशकॅम समोरचा रस्ता रेकॉर्ड करतो. डीएमएस म्हणजे ड्रायव्हरकडे तोंड केलेला कॅमेरा, डोळे मिटतायत का, हातात फोन आहे का ते बघतो, इन्फ्रारेडवर चालतो म्हणून अंधारात पण दिसतं. एडास समोरची गाडी फार जवळ आली किंवा लेन सुटली की आवाज देतो.

एडासबद्दल एक सांगतो, हायवेवर छान चालतं, पण हडपसर किंवा चाकण चौकात टू-व्हीलर चारी बाजूंनी घुसतात तिथे ते सारखं ओरडतं आणि मग ड्रायव्हर हायवेवरचा खरा आवाज पण मनावर घेत नाही. सिस्टीममध्ये सोय असेल तर ठराविक वेगाच्या खाली तो आवाज बंद ठेवा.

३. माझ्या गाडीला कायद्याने ट्रॅकर लागतोच का?

बस, टॅक्सी, कॅब अशा पॅसेंजर गाड्यांना केंद्रीय मोटार वाहन नियम १२५-एच प्रमाणे ट्रॅकर आणि इमर्जन्सी बटन लागतं, १ जानेवारी २०१९ पासून रजिस्टर झालेल्या नवीन गाड्यांना. टू-व्हीलर, रिक्षा, ई-रिक्षा यातून बाहेर आहेत. मालवाहू गाड्यांत धोकादायक माल नेणाऱ्या मोठ्या गाड्यांसाठी वेगळी तरतूद आहे. स्पीड गव्हर्नर हा वेगळा नियम, बहुतेक ट्रान्सपोर्ट गाड्यांना ८० आणि टँकर, डंपर, स्कूल बस यांना ६०. आपली गाडी नेमकी कुठल्या कॅटेगरीत बसते ते पासिंगच्या आधीच आपल्या आरटीओत विचारून घ्या, एमएच-१२ असो की १४, ऐनवेळी धावपळ नको.

आणि नियमासाठी बसवलेला डबा पासिंग झालं की विसरायचा असं करू नका. त्याचं लॉगिन विक्रेत्याकडून मागून घ्या, तोच डेटा सेफ्टीला वापरता येतो.

४. माझ्याकडे चार-पाचच छोटे टेम्पो आहेत, एवढं सगळं परवडणार नाही. सुरुवात कुठून करू?

साध्या ट्रॅकरपासून. ओव्हरस्पीड, रात्रीचं ड्रायव्हिंग आणि सलग किती वेळ चालवलं हे तीनच रिपोर्ट रोज सकाळी दहा मिनिटं बघा. ते खरंच दोन-तीन महिने बघितले जातायत असं दिसलं की मग जी गाडी सगळ्यात जास्त रात्री किंवा घाटात जाते तिला आधी कॅमेरा घ्या. सगळ्या गाड्यांना एकदम घेऊन स्क्रीन न बघण्यापेक्षा हे बरं. घेताना सिमचं वार्षिक रिचार्ज कोण भरणार ते लिहून घ्या, कितीतरी डबे फक्त रिचार्ज संपल्यामुळे बंद पडलेले असतात आणि मालकाला ते ॲक्सिडेंट झाल्यावर कळतं.

५. ओव्हरस्पीडची अलर्ट कितीवर लावायची?

एकच आकडा सगळीकडे लावू नका. ८० हायवेवर ठीक आहे पण एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर ५० सुद्धा जास्त आहे आणि सिस्टीमला ते चुकीचं वाटतच नाही. रूटवर जिओफेन्स करा, म्हणजे मॅपवर त्या जागेभोवती हद्द आखा: घाट, बोगद्यानंतरचे उतार, शाळेचा भाग, कंपनीचं गेट, प्रत्येकाला वेगळी मर्यादा, बोर्डवर जी असेल ती. आणि वेग सलग दहा-पंधरा सेकंद वर राहिला तरच अलर्ट, नाहीतर जीपीएसच्या एखाद्या उडीमुळे पण ड्रायव्हरच्या नावावर नोंद पडते.

"मीटरवर ८० होते, तुमच्याकडे ७६ कसे?" हा वाद नेहमीचा. मीटर मुद्दामच थोडं जास्त दाखवेल असं बनवलेलं असतं, मोकळ्या सरळ रस्त्यावर जीपीएसचा आकडा जास्त खरा.

ड्रायव्हरशी बोलताना दंडाची भाषा करण्यापेक्षा हे सांगा: ८० ला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. आणि ६० वरून ८० केले की वेग एक तृतीयांशच वाढतो पण धडकेचा जोर पावणेदोन पटीच्या वर जातो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. लोड भरलेल्या गाडीला ब्रेक लावून जो माणूस जगलाय त्याला हे पटकन समजतं.

६. हार्श ब्रेकिंग (झटक्याने ब्रेक मारणं) जास्त आहे म्हणजे ड्रायव्हर वाईट चालवतो असंच ना?

नाही. डब्यातला सेन्सर फक्त झटका मोजतो, तो का बसला ते त्याला माहीत नसतं. समोर अचानक माणूस आला आणि ड्रायव्हरने ब्रेक मारून त्याला वाचवलं तरी तीच नोंद. म्हणून एकेका नोंदीवर जाऊ नका, जागा बघा. सगळ्या गाड्यांचे झटके एकाच ठिकाणी पडत असतील, समजा डिव्हायडरमधला एखादा कट, खड्डा, उलट्या बाजूने येणाऱ्या टू-व्हीलरचा स्पॉट, तर प्रश्न रस्त्याचा आहे आणि सगळ्या ड्रायव्हरना त्या जागेची आधीच सूचना द्यायची. एकाच ड्रायव्हरचे झटके सगळीकडे पडत असतील तर तो पुढच्या गाडीच्या फार जवळून चालवतोय, तिथे बोलायचं.

रिकामी गाडी, भरलेली गाडी यातही फरक पडतो, रिकामी गाडी खड्ड्यात जास्त उडते. आणि डबा डॅशबोर्डला टेपने चिकटवला असेल तर त्याची कुठलीच झटक्याची नोंद धरू नका, आधी स्क्रूने घट्ट बसवा.

७. नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडतात ते ट्रॅकरवर पकडता येतं का?

येतं, आणि पुण्यातल्या प्रत्येक हेवी गाडीवाल्याने आज करायचं एक काम कुठलं तर हे. कात्रजच्या नवीन बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत उतारच उतार आहे आणि खाली शहराचं ट्रॅफिक. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री इथे एका जड गाडीने चाळीसहून जास्त गाड्यांना उडवलं, ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला सोडली होती असं तेव्हा तपासात पुढे आलं. त्यानंतर वेगमर्यादा कमी झाली, कॅमेरे आले, आणि ॲक्सिडेंट तरी होतच राहिले.

आधी पकडायचं कसं ते. साध्या ट्रॅकरला इग्निशनची वायर जोडलेली असेल तर एकच नियम लावा: इग्निशन बंद आणि वेग १० च्या वर, लगेच अलर्ट. इंजिन चालू ठेवून न्यूट्रल केलं असेल तर त्याला कॅनवाला डबा लागतो. तिथे रिपोर्ट असा दिसतो: वेग ३८, आरपीएम १४००, पुढच्या ओळीत वेग ४६, आरपीएम ६५०, मग ५५ ला ६५०, मग ६४ ला ६५०. वेग चढतोय आणि इंजिन आयडलवर (नुसतं चालू, जोर नाही) बसलंय, म्हणजे गियर नाही. बोगद्याच्या तोंडापासून पुलापर्यंत जिओफेन्स टाका आणि रोज त्या पट्ट्यातल्या एवढ्याच ओळी बघा. खंबाटकी, बोर घाट, दिवे घाट जिथे जात असाल तिथे पण हेच.

आता ड्रायव्हर असं का करतो. डिझेल वाचवायला. आणि डिझेल का वाचवतो, तर बऱ्याच ठिकाणी ट्रिपला डिझेल ठरवून दिलेलं असतं, उरलं तर ड्रायव्हरचं, कमी पडलं तर त्याच्या हिशोबातून कापतात. म्हणजे मालकानेच त्याला न्यूट्रल करायचे पैसे लावून ठेवलेत. ही पद्धत तशीच ठेवून तुम्ही कितीही अलर्ट लावा, रात्री दीडला उतारावर तो हिशोबच जिंकतो. डिझेलचा कोटा घाटाच्या रूटवर जरा सैल करा किंवा उतारावर गियरमध्ये आलेल्या ट्रिपला वेगळे पैसे द्या.

शिवाय ते वाचतं पण नाही. आजच्या इंजिनात गियरमध्ये उतार उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्शनच बंद होतं, चाकं इंजिन फिरवतात, उलट न्यूट्रलमध्ये आयडल चालू ठेवायला डिझेल लागतं. आणि इंजिन बंद केलं की ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, हवेचा ब्रेक दोन-चारदा दाबला की प्रेशर उतरतं, पॉवर स्टिअरिंग पण जातं. इंजिनचा धर नसल्यामुळे सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, ते तापतात आणि पकडच राहत नाही. "ब्रेक फेल झाला" म्हणून जे ऐकतो त्यात ब्रेक बिघडलेला नसून तापून निकामी झालेला असतो असं बऱ्याचदा निघतं. जुने ड्रायव्हर काका सांगतात तेच बरोबर आहे, ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा) असेल तर तो वापरा, आणि गियर उतार सुरू व्हायच्या आधी पाडा, मध्यावर नाही.

८. ड्रायव्हरला झोप लागते हे कॅमेऱ्याच्या आधी कळू शकतं का?

कळू शकतं आणि आधीच कळायला पाहिजे. कॅमेरा वाजतो तेव्हा डोळे मिटलेले असतात. ८० च्या वेगात तीन सेकंदांची डुलकी म्हणजे ६७ मीटर गाडी कोणीच चालवत नाहीये. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाएवढाच मंद होतो हे अभ्यासातून दिसलेलं आहे, आणि आपल्याकडे दारूची मर्यादा १०० मिलीला ३० मिलीग्रॅम म्हणजे ०.०३ टक्के. थोडक्यात एक थेंब न घेता तो पिऊन चालवल्यासारखाच झाला.

म्हणून ट्रॅकरवर बघायचं ते हे: तो उठला कधी असेल, शेवटची सलग झोप कधी झाली आणि पहाटे २ ते ५ मध्ये गाडी चालू होती का. दुपारी जेवणानंतरचे दोन तास पण तसेच.

इथे ट्रॅकर एक मोठी फसगत करतो. चाकणला किंवा रांजणगावला गाडी सकाळी ९ ला प्लांटच्या गेटवर लागते, लोड मिळतो रात्री १० ला. रिपोर्टमध्ये दिसतं "१३ तास हॉल्ट", सुपरवायझर म्हणतो आराम झालाय, निघ आता, सकाळी माल पोचला पाहिजे. तो झोपला कुठे? दर वीस मिनिटांनी लाइन पुढे सरकते, गेटपासवाला हाक मारतो, मे महिन्यात केबिन तापलेली असते. हा हॉल्ट उघडून बघा, आत मध्ये मध्ये इग्निशन चालू-बंद आणि पन्नास-शंभर मीटरच्या हालचाली दिसतील. अशी एक जरी हालचाल असेल तर आराम तिथे तुटला असं धरा. सलग सहा-सात तास इग्निशन बंद आणि गाडी एका जागी, तेवढंच झोपेत मोजा, बाकीचं ड्युटीत. हा हिशोब लावला की कितीतरी ट्रिपांत ड्रायव्हर चौदा-पंधरा तासांचा जागा असताना आपण त्याला रात्रीच्या हायवेवर पाठवतोय असं दिसतं, आणि मग पार्टीला सांगता येतं की लोडिंगला उशीर झाला तर डिलिव्हरीची वेळ पण पुढे जाणार, हा बघा रिपोर्ट.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीचं झालंय, चांगलं झालं, पण जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं रस्त्यावर असणार, त्यांच्या ड्रायव्हरला दिवसा झोपायला यार्डात पंखा असलेली एक खोली द्या.

९. ड्युटीचे तास किती चालतात? लांबच्या रूटवर काय?

मोटार ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा १९६१ चा, त्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं माप होतं, लांबच्या रूटला वगैरे दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ पर्यंत. आता नवीन लेबर कोड आलेत पण ८ आणि ४८ हे माप धरूनच चाला. ट्रॅकरवर सलग ४ तासांची अलर्ट लावा म्हणजे पाचव्या तासाच्या आत थांबायला जागा शोधता येते. लोडिंगची वाट बघणं यात कसं मोजायचं ते प्र. ८ मध्ये आहे.

१०. दिवसाला शेकड्याने अलर्ट येतात, कोण बघणार?

कोणी नाही बघणार, म्हणून कमी करा. आयडलिंग, एसी, दार उघडलं, रूटच्या बाहेर गेला, हे सगळं एका रोजच्या मेलमध्ये टाका. लगेच फोनवर वाजणाऱ्या अलर्ट चारच ठेवा: डोळे मिटले, इग्निशन बंद असताना गाडी धावतेय, एसओएस म्हणजे इमर्जन्सी बटन, जोरदार धडक. आणि प्रत्येकीला एक माणूस नेमलेला, रात्रीचा वेगळा. "ग्रुपवर येतं सगळ्यांना" म्हणजे कोणालाच येत नाही.

११. आतला कॅमेरा ड्रायव्हरना नकोच आहे. काहीजण सोडून जातो म्हणतात. काय करू?

त्यांचं म्हणणं आधी ऐका, बरंचसं बरोबर असतं. लांबच्या गाडीत केबिन हे त्याचं घर आहे, तिथे तो झोपतो, कपडे बदलतो, बायकोशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. इग्निशन बंद झालं की आतला कॅमेरा बंद, ही सेटिंग करा आणि ड्रायव्हरला समोर करून दाखवा. आवाज रेकॉर्ड करू नका, सेफ्टीला त्याचा काही उपयोग नाही. सतत लाइव्ह बघत बसायची सोय ऑफिसात ठेवूच नका, घटना घडली तेवढीच काही सेकंदांची क्लिप पुरे. क्लिप कोण बघू शकतो, किती दिवस ठेवतो हे मराठी-हिंदीत एका पानावर लिहून सही घ्या आणि त्याची एक कॉपी त्याला द्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आता आहे, माणसाचा चेहरा हा त्याचा डेटा आहे.

एक गोष्ट अजिबात नको: डुलकीची क्लिप व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं. एकदा टाकली की तुमच्या सगळ्या ड्रायव्हरांनी त्या कॅमेऱ्यावर टोपी टांगली म्हणून समजा.

१२. गाडी चालू असताना ड्रायव्हरला फोन करून सावध करावं का?

नाही. हातात फोन धरून बोलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, आणि फोन करणारे आपणच असतो. ड्रायव्हर फोनवर बोलतो अशी तक्रार असलेल्या ऑफिसांनी एक करून बघा, त्या आठवड्यातल्या ऑफिसच्या कॉलच्या वेळा आणि गाडी धावत असल्याच्या वेळा शेजारी ठेवा. बरेच कॉल "कुठे आहेस?" एवढंच विचारायला केलेले निघतात आणि ते तर स्क्रीनवर दिसतंच. नियम करा, गाडी थांबलेली दिसली तरच फोन. खरंच तातडीचं असेल तर केबिनमधला बझर किंवा रेकॉर्डेड आवाज वाजवायची सोय काही डब्यांत असते ती वापरा.

१३. मी ड्रायव्हर आहे. हा डेटा माझ्याच विरुद्ध वापरतील ना?

वापरू शकतात, खोटं कशाला सांगू. म्हणून वर प्र. ११ मध्ये सांगितलेला कागद मागा आणि महिन्याला स्वतःचा रिपोर्ट बघायला मागा, दाखवायला काहीच हरकत नसते. पण दुसरी बाजू पण बघा दादा. टू-व्हीलरवाला राँग साइडने येऊन आपटला तरी जमलेली गर्दी मोठ्या गाडीवाल्यालाच धरते, तिथे समोरचा कॅमेरा हाच तुमचा साक्षीदार. तासांचंही तसंच, "मी सोळा तास जागा आहे, आता निघणार नाही" हे तोंडी सांगितलं तर मालक चिडतो, ट्रॅकरच्या रिपोर्टवर बोट ठेवून सांगितलं तर त्याला ऐकावं लागतं.

१४. ट्रॅकरने ड्रायव्हरला दिलेला स्कोअर कमी आला तर पगारातून कापू का?

नको. कापायला लागलात की ड्रायव्हर नीट चालवण्यापेक्षा डबा फसवायला शिकतो (प्र. १६). बक्षीस द्या पण तुलना सारख्या रूटची करा, पुणे-सोलापूर मोकळ्या रस्त्यावर चालवणारा आणि भोसरी-मार्केटयार्ड दिवसातून दोनदा करणारा यांचे झटके सारखे येणारच नाहीत. चांगलं म्हणजे ड्रायव्हरची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी. दोन महिने सुधारत नसेल तर ट्रेनिंगला पाठवा, आपल्या भोसरीत सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची संस्था आहे, ड्रायव्हर ट्रेनिंग हे त्यांचं जुनं काम आहे.

१५. बोगद्यात गाडी गायब होते, घाटात मॅपवर उड्या मारते. डबा खराब आहे का?

बहुतेक नाही. बोगद्यात सॅटेलाइट दिसत नाही, बाहेर आल्यावर लोकेशन पकडायला थोडा वेळ जातो आणि मधली सरळ रेष काढली जाते. घाटात डोंगरावरून सिग्नल आपटून येतो म्हणून ठिपका दरीत दिसतो. नेटवर्क नसेल तर डबा नोंदी साठवून नंतर पाठवतो, त्यामुळे रात्रीची अलर्ट सकाळी येऊ शकते, ड्रायव्हरला बोलायच्या आधी घटनेची वेळ बघा, मेसेज आल्याची नाही. पण मोकळ्या रस्त्यावर रोज एकाच ठिकाणी गायब होत असेल तर मात्र पुढचं उत्तर वाचा.

१६. ड्रायव्हर वायर काढतो किंवा जॅमर लावतो, काय इलाज?

पॉवर कट झाल्याची अलर्ट आतल्या बॅटरीवर येतेच, ती चालू ठेवा. सिगारेट लायटरमध्ये बसणारे, सॅटेलाइटचा सिग्नल अडवणारे जॅमर मिळतात, तेव्हा नेटवर्क आहे पण सॅटेलाइट शून्य असं दिसतं. विचारताना आधी हे विचारा की का काढली. कधी डिझेल चोरी असते. पण कधी वायरमनने केलेलं जॉइंट सैल असतं, कधी डब्याने बॅटरी उतरते म्हणून काढलेली असते, कधी चोवीस व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टचा डबा लावल्यामुळे तो आपोआप मेलेला असतो.

१७. चोरी झाली तर मोबाइलवरून इंजिन बंद करता येतं म्हणे. चालत्या गाडीचं करू का?

कधीच नाही. इंजिन गेलं की स्टिअरिंग जड होतं, ब्रेकची हवा संपते, प्र. ७ मधला उतार आठवा, आणि मागून येणाऱ्याला काही कळत नाही. रिले (इंजिन बंद करणारा स्विच) अशी जोडून घ्या की गाडी थांबून इग्निशन बंद झाल्यावर पुढचा स्टार्ट अडेल. काही जण हप्ता थकला म्हणून असं बंद करतात, हायवेच्या मधोमध बंद पडलेली गाडी म्हणजे रात्री मागून येणाऱ्याचा जीव.

१८. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांच्या कॅबला पॅनिक बटन आहे, पण ते दाबल्यावर होतं काय?

हे तुम्हीच दाबून बघा, महिन्यातून एकदा, आधी कळवून. किती वेळात कोणाचा फोन येतो ते मोजा. कुठे कुठे बटनाची वायरच सुटलेली असते. आणि कॅबमध्ये ड्रायव्हरच्या झोपेचा प्रश्न ट्रकपेक्षा कमी नाही, रात्रीची शिफ्ट सोडून तोच माणूस सकाळी दुसऱ्या कंपनीचं लॉगिन करतो. गाडी दोन व्हेंडरकडे लावलेली असेल तर दोघांच्या सिस्टीमला अर्धाच दिवस दिसतो. करारात लिहून घ्या की गाडीच्या पूर्ण २४ तासांचा डेटा बघायला मिळेल.

१९. एका गाडीवर दोन-तीन ड्रायव्हर बदलतात, नोंद कोणाच्या नावावर?

ड्रायव्हर कार्ड किंवा टॅग असलेला डबा घ्या, कार्ड लावल्याशिवाय बझर वाजत राहतो. नसेल तर ट्रिपशीटवर ड्रायव्हरची अदलाबदल कुठे झाली ते लिहा. रात्री क्लीनर चालवतो का हे पण यातूनच कळतं.

२०. मार्केटमधून भाड्याने घेतलेल्या गाडीला ट्रॅकर कसा लावणार?

चुंबकाने बसणारा किंवा ई-लॉकवाला (कुलपातच बसवलेला) डबा ट्रिपपुरता लावता येतो, लोकेशन आणि वेग मिळतो, बाकी नाही. ड्रायव्हरच्या सिमवरून, त्याची परवानगी घेऊन, लोकेशन घेणारी सर्व्हिस पण असते. पण गाडी गेटवर आली की एक प्रश्न विचारा, मागची खेप कुठून आणि कधी सोडली? उत्तर "आत्ताच, नागपूरवरून आलो" असेल तर लोड भरून घ्या पण गाडी सकाळी सोडा.

२१. ॲक्सिडेंट झाला तर डेटाचं काय करायचं?

आधी माणसं. १०८ ला ॲम्ब्युलन्स, ११२, नॅशनल हायवेवर १०३३. मग त्याच दिवशी फुटेज लॉक करा, मेमरी कार्डवर जुनं आपोआप पुसलं जातं. मूळ कार्ड काढून तसंच ठेवा, कापाकापी नको, कोणाला फॉरवर्ड नको. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, पूर्वीचं ६५-बी, ट्रॅकर कंपनी ते देते का हे घेतानाच विचारा. फुटेज आपल्या विरुद्ध असेल तरी पुसायचं नाही, पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा होतो.

२२. एका गाडीची महिनाभर एकही अलर्ट नाही. आनंद मानू का?

आधी तपासा. पार्किंगमध्ये मोकळ्या जागेत २०-२५ ला एक जोरात ब्रेक मारून बघा, नोंद येते का. आली नाही तर डबा सैल आहे किंवा सेन्सिटिव्हिटी फार कमी ठेवलीय. आली तर त्या गाडीचा रूट, सुटायची वेळ आणि लोडिंगचा वेळ काढून बघा, कारण बऱ्याचदा ती गाडी दिवसा चालणारी आणि वेळेत लोड मिळणारी असते. दुसऱ्या एखाद्या गाडीला, जिच्या अलर्ट सगळ्यात जास्त आहेत, दोन आठवडे तोच टाइमटेबल देऊन बघा आणि मगच तिच्या ड्रायव्हरबद्दल मत बनवा.